सही झाल्यावर

आमच्या डेपोत त्याला सगळे ‘रिव्हर्स’ म्हणायचे. नाव मीच ठेवलं होतं, तेव्हा त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडत नाही. बावीस वर्षं मी डेपोच्या खिडकीत बसतोय. गाड्या बाहेर सोडायच्या, आत घ्यायच्या, किल्ल्या सांभाळायच्या आणि कुणी घोळ घातला की अहवाल वर पाठवायचा, हे माझं काम. या खिडकीतून नाना तऱ्हेचे ड्रायव्हर पाहिले. बायकोशी भांडून येणारे पाहिले, भांडण टाळायला दोन तास आधी येणारेही पाहिले. पण शेवटची फेरी संपवून, गाडी जागेवर लावून, त्याच रस्त्याने पायी मागे जाणारा हा एकच.

त्याचं दुखणं असं होतं. चाकाखाली जरा काही वाजलं, खड्डा असो, प्लास्टिकची बाटली असो, की तो हबकायचा. कुणीतरी चाकाखाली आलं, हे डोक्यात घट्ट बसायचं. आरशात बघावं तर रस्ता मोकळा. तरी खात्री पटायची नाही. मग संध्याकाळी चालत जाऊन रस्ता बघून यायचा. सगळ्यात वाईट जागा म्हणजे पंक्चरच्या दुकानासमोरचा गतिरोधक. तिथे तो रस्ता बघायचा, गटारात वाकून बघायचा, परत फिरायचा आणि अर्ध्या वाटेत त्याला वाटायचं की गटार नीट बघितलंच नाही. पुन्हा मागे. पंक्चरवाल्याला आधी वाटलं, याची काहीतरी मोलाची वस्तू पडलीय, म्हणून तोही बिचारा बरोबर शोधायला लागला. पुढे पुढे तो नुसतं एक स्टूल बाहेर काढून ठेवायचा.

तिथून आला की माझ्या खिडकीशी उभा. “कुणाचा फोन आला होता का?” मी म्हणायचो, नाही. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. एकदा मी मोजलं, नऊ वेळा विचारलं. नवव्या वेळी मी म्हणालो की फोन आला होता, तुमच्या डोक्यातल्या घंटेचा. डेपोतले सगळे हसले. तोही हसला, आणि मग दहाव्यांदा विचारलं.

वीस वर्षांत त्याने कुणाला साधं खरचटवलंही नव्हतं. काही घडलं असतं तर निदान ते एकदाचं घडून संपलं तरी असतं. इथे संपायला काही नव्हतंच.

मग एक दिवस भरली गाडी वाटेत उभी करून, हँडब्रेक ओढून, कंडक्टरला “आलोच” म्हणून तो मागे पळाला. चाळीस उतारू गाडीत ताटकळत. पहिला अहवाल मी लिहिला. महिन्याभरात तेच पुन्हा, दुसरा अहवालही मीच लिहिला. आमचे मॅनेजर सरळ माणूस. ते दयासुद्धा लेखी करतात. त्यांनी त्याला रस्त्यावरून काढून आवारात ठेवलं. गाड्या धुवायच्या जागेवर न्यायच्या, डिझेल भरून आणायच्या, रांगेत लावायच्या. तीन महिन्यांनी चाचणीची एक फेरी मिळेल, असं पत्र दिलं. त्या फेरीत वाटेत थांबला किंवा नंतर मागे गेला, तर स्टिअरिंग कायमचं बंद. त्याचे वडीलही ड्रायव्हर होते. पत्र वाचून तो मला एवढंच म्हणाला की मला दुसरं काही येत नाही, साहेब. मी मान डोलावली.

त्या आठवड्यात त्याची बायको मला भेटायला आली. शाळेत शिवण शिकवणारी बाई, बोलणं मोजकं. मी म्हटलं, बसा वहिनी. त्या बसल्या नाहीत. सकाळी ते पलंगाच्या कडेला एक मोजा हातात घेऊन अर्धा अर्धा तास बसून राहतात, म्हणाल्या. जेवण पुढे ठेवलं तर थंड होतं. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यात, झोप थोडी लागते. चर्चच्या गायकवृंदात मागच्या रांगेत उभे राहून गायचे, आवाज भारदस्त, पण वर्षभर तिकडे फिरकले नाहीत. एका रविवारी वहिनींनी फार आग्रह केला, तेव्हा नवरा म्हणाला, माझ्या हाताला कुणाचं रक्त लागलंय की नाही हेच मला माहीत नाही, देवासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू? हे सांगताना वहिनींचा आवाज एकदाच हलला. ‘रिव्हर्स’ हे नाव मी ठेवलंय हे त्यांना ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. मला मात्र त्या दिवशी त्याची लाज वाटली.

माझा देवाशी काही व्यवहार नाही, त्याचाही माझ्याशी नसावा. त्यामुळे पुढच्या आठवड्यात त्यांच्या चर्चचे पाळक, म्हणजे पाद्री, डेपोत आले तेव्हा माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. स्थूल, घामाघूम गृहस्थ, हातात हेल्मेट. वाटलं, आता हे मला चार उपदेशाचे शब्द ऐकवणार. पण त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, ड्रायव्हर गाडी ताब्यात देतो म्हणजे नेमकं काय करतो? कामाचं विचारलं की माझी जीभ सुटते. मी सांगितलं. गाडी जागेवर लावायची. भोवती एक फेरी मारायची, एकच. काही बिघाड, काही आवाज असेल तर कागदावर लिहायचा. किल्ली फळ्यावर त्या गाडीच्या नंबरच्या हुकाला टांगायची. त्याने सही करायची, मग मी करायची.

“आणि तुमची सही झाल्यावर?” त्यांनी विचारलं.

“मग गाडी माझी. तिला काही झालं तर मी बघणार.”

“तो परत किल्ली मागायला आला तर?”

“बाप आला तरी देणार नाही.”

पाळक पोट हलवत हसले. म्हणाले, महिनाभर मी जे त्याला समजावतोय आणि मला जमत नाहीये, ते तुम्ही चार वाक्यांत सांगितलंत. मग उठून आवारात गेले. डिझेलच्या पंपाजवळ दोघं बराच वेळ उभे होते. मी खिडकीतून बघत होतो, तेवढ्यात एका कंडक्टरवर उगाचच डाफरलो.

काय बोलणं झालं ते त्यानेच मला नंतर तुकड्या-तुकड्याने सांगितलं. त्याची प्रार्थनासुद्धा मागे जाण्याचाच एक प्रकार होऊन बसली होती. ‘प्रभू, कुणी चाकाखाली आलेलं नसू दे,’ हे सात वेळा म्हणायचं, न अडखळता. मध्ये हॉर्न वाजला की पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी तासभर. शेवटी थकून तो प्रार्थनाच सोडून बसला, आणि मग त्याचंही भय वाटायला लागलं. पाळकांनी त्याला सांगितलं की तुझा देव काही बहिरा नाही. दिवसाचा रस्ता त्याच्या ताब्यात दे, किल्ली देतोस तसा. एकदा फेरी मार, जे वाजलं ते सांग, सही कर, निघ. प्रभूची सही तर कधीच होऊन गेलीय, वधस्तंभावर, रक्ताने. वधस्तंभ म्हणजे क्रूस, हे त्यानेच मला समजावलं. हा असला हिशोब मला कळत नाही, पण सांगताना त्याचा चेहरा बऱ्याच दिवसांनी माणसासारखा दिसत होता.

मग त्याने माझ्याकडे एक मागणं केलं. यापुढे मी फोनचं विचारलं तर उत्तर देऊ नका. डॉक्टरही तेच म्हणालेत, उत्तर मिळालं की आग वाढते. मी म्हटलं, एवढंच ना, सोपं आहे.

सोपं नव्हतं. पंधरा दिवस बरे गेले. धुतलेल्या गाड्या लावून तो किल्ली टांगायचा, सही करायचा, फळ्यासमोर क्षणभर ओठ हलवायचा आणि निघायचा. सोळाव्या दिवशी सहाच्या सुमारास तो फाटकापर्यंत गेला आणि परत आला. गाडी रांगेत लावताना मागे काहीतरी वाजलं होतं. आवारात त्या वेळी काळं कुत्रंही नव्हतं. खिडकीच्या गजांना धरून तो म्हणाला, “साहेब, एकदाच सांगा. कुणी काही बोललं का?”

मी लिहीत राहिलो. ‘नाही’ एवढा एक शब्द, बावीस वर्षांत लाखभर वेळा वापरलेला, आणि नेमका तोच आता द्यायचा नव्हता. त्याची बोटं गजांवर पांढरी पडली होती. मी त्याच पानावर तीच तारीख तीनदा लिहिली. मग त्याने श्वास सोडला आणि फळ्याकडे बघून हळू पण स्पष्ट म्हणाला, “दिलंय, प्रभू. सही झालीय.” गजांवरून एकेक बोट सोडवल्यासारखं सोडवलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, रात्रभर झोप नाही, पण मागे आलो नाही. मला उगाचच वाटलं की यात माझाही काही वाटा आहे. वहिनींनी निरोप पाठवला की रविवारी ते मागच्या रांगेत उभे राहिले, गायले नाहीत, पण उभे राहिले.

तीन महिने भरले. चाचणीची फेरी दुपारची, नेहमीची, उतारूंसह. मॅनेजर पहिल्या बाकावर वही घेऊन बसले आणि साक्षीदार म्हणून मला शेजारी बसवलं. त्याने गाडीला एक फेरी मारली, आरसे नीट केले, निघाला. गाडी लोण्यासारखी चालवत होता. माझाच जीव टांगणीला लागला होता. ही फेरी हातची गेली तर सकाळी पलंगाच्या कडेला मोजा घेऊन बसलेला तो माणूस पुन्हा कधी उठणार नाही, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

पंक्चरचं दुकान आलं. त्याने गाडी अगदी हळू केली. पुढची चाकं गतिरोधकावरून गेली, मागची गेली, आणि मागून, डाव्या बाजूने, धप् असा आवाज आला. चांगला मोठा. मॅनेजरांनी मान वळवली. मी ऐकला, कंडक्टरने ऐकला.

त्याने डाव्या आरशात बघितलं. एकदा. मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये गेला. गाडी सरळ पुढे जात राहिली.

डेपोत आल्यावर त्याने गाडी लावली, एक फेरी मारली, कागदावर लिहिलं, ‘गतिरोधकावर मागे डावीकडे आवाज, तपासावे.’ किल्ली टांगली. सही केली. मॅनेजरांनी विचारलं, आवाज ऐकलात ना, मग?

“ऐकला, साहेब. आरशात बघितलं, रस्ता मोकळा होता. बाकीचं दिलं.”

कुणाला दिलं ते मॅनेजरांनी विचारलं नाही. त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि सोमवारपासून हजर व्हा म्हणाले. त्याने माझ्यापुढे कागद सरकवला. मी सही केली. तो फळ्यासमोर क्षणभर थांबला आणि मग फाटकातून बाहेर पडला, घराच्या दिशेने, बऱ्यापैकी झपझप. फाटकापाशी गुणगुणत होता. खरोखरच आवाज भारदस्त आहे. मला फार आनंद झाला, हे कबूल करतो.

मेकॅनिक म्हणाला, गाडी उद्या बघतो, बहुतेक सुटं चाक ठेवतात तिथला पट्टा सैल असेल. बहुतेक. मी खिडकीत बसून राहिलो. फोनकडे बघितलं. आवाज डाव्या बाजूने आला होता, आणि त्या बाजूचं गटार उघडं आहे. आरशात गटार दिसतं का? मी ड्रायव्हर नाही, मला माहीत नाही. मी फोन उचलून तो चालू आहे ना हे बघितलं. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं. कागदावर खाली माझी सही होती, स्वच्छ, वळणदार. तिच्याखाली आणखी कुणाच्या सहीला जागा नव्हती.

पाळी संपल्यावर मी घरी जायचं सोडून तो रस्ता धरला. गतिरोधकापाशी काही नव्हतं. पांढरे पट्टे, थोडं तेल सांडलेलं. मी वाकून गटारात बघितलं. तिथेही काही नव्हतं. परत फिरलो, पन्नास पावलं आलो, आणि मला वाटलं की दुकानाच्या पलीकडचा भाग नीट बघितला नाही.

मी परत आलो तेव्हा पंक्चरवाला हात पुसत माझ्याकडे बघत होता. म्हणाला, ते दुसरे यायचे बंद झाले वाटतं. मी म्हणालो, हो, ते बरे झाले. त्याने आत जाऊन स्टूल आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं, आणि मी बसलो.