पाठीचा पट्टा, पोटाचा पट्टा

किंमत सांगायची वेळ आली की धाकटी गडबडायची. एरवी बाई काही भित्री नव्हती. धारदार रापीने जाड चामड्यात सरळ काप घेताना तिचा हात कधी चळला नाही, आरी बोटात घुसली तरी ती बोट तोंडात घालून पुढचा टाका घालायची. पण गिऱ्हाइकाने पिशवी उलटसुलट करून "केवढ्याला?" असं विचारलं, की ही जमिनीकडे बघायला लागायची, जणू किंमत तिथे कुठेतरी सांडली आहे.

त्याला कारण घडलं होतं. पहिल्याच बाजारात एका बाईने पाकिटाची किंमत ऐकून मैत्रिणीला हाक मारली होती, "अगं इकडे ये, बघ तरी! चामड्याचं आहे की सोन्याचं?" आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या. एवढंच. काही माणसं असलं हसणं पायरीवरच झटकून घरात शिरतात. धाकटीने ते घरी आणलं आणि जपून ठेवलं.

थोरली, म्हणजे तिची मोठी जाऊ, दर रविवारी तिच्यासोबत बाजारात बसायची. थोरलीला शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बोलण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"चामड्याचे पैसे लावतेस, दोऱ्याचे लावतेस, बकलाचे लावतेस," ती म्हणायची. "आणि तुझ्या हातांचे? ते काय रस्त्यावर सापडलेत?"

"पुढच्या वेळी लावते, वहिनी."

"तुझी पुढची वेळ म्हणजे वरातीमागून घोडं."

शेवटी थोरलीनेच जबरदस्ती केली. धाकटीने एक रुंद पट्टा केला होता, पाठीच्या चामड्याचा, कडेने पिवळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण घातलेला. त्याची किंमत थोरलीने समोर बसून काढायला लावली, हातांच्या मजुरीसकट. आकडा बघून धाकटीला घाम फुटला. थोरली म्हणाली, "हीच सांगायची. आणि सांगून झालं की तोंड मिटायचं."

आता चामड्याचं जरा सांगायला हवं. कातड्याला पाठ असते आणि पोट असतं. ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे धाकटी काम शिकली, त्याने पहिल्याच दिवशी अख्खं कातडं फळीवर पसरून तिला बजावलं होतं, "पाठ भार धरते, पोट पसरतं. पोटाचे खिसे कर, पाकिटं कर. भाराचं काम मात्र पाठीलाच द्यायचं." पण पोटाचा भाग फेकून द्यायला कुणाचा जीव होतो? धाकटीने त्याचेही काही रुंद पट्टे केले होते, तशीच पिवळी शिवण घालून. रंग चढवून कडा घोटल्या की दोघांत फरक ओळखणं बनवणाऱ्यालाच जमावं. ते पट्टे ती टेबलाखालच्या खोक्यात ठेवायची आणि "नुसता पँटवर घालायला आहे हो" असं स्पष्ट सांगून स्वस्तात द्यायची. इथवर तिचं काही चुकलं नव्हतं.

त्या रविवारी थोरली चहा आणायला गेली आणि नेमका तेव्हाच एक माणूस आला. रुंद पंजे, मनगटांवर ओरखडे, केसांत लाकडाचा भुसा. भुसा धाकटीला दिसला, पण तिने काही विचारलं नाही.

"रुंद पट्टा हवाय, ताई. मजबूत. वजन पेलणारा."

तिने पाठीचा पट्टा दिला. त्याने तो वाकवला, गुडघ्यावर ताणला, शिवणीवरून अंगठा फिरवला. त्याला तो आवडला हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"केवढ्याला?"

धाकटीने डोळे मिटून विहिरीत उडी टाकावी तशी किंमत सांगितली. पूर्ण. आणि तोंड मिटलं.

तो काहीच बोलला नाही. पट्ट्याकडे बघत राहिला, मग वर कुठेतरी, मग एक हात खिशावर ठेवून पुन्हा पट्ट्याकडे. धाकटीच्या कानात त्या दोन बायका हसायला लागल्या. आता हा हसणार. आता चारचौघांत म्हणणार, सोन्याचा आहे का? तिला ते सहन होईना.

"महाग वाटत असेल तर दुसरा आहे," ती घाईघाईने म्हणाली आणि खोक्यातला पट्टा वर आला. "हा निम्म्यात देते."

त्याने दोन्ही पट्टे शेजारी धरले. "फरक काय दोघांत?"

इथे तिने खरं सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण खरं सांगितलं तर हाही घेणार नाही, अशी भीती तिला वाटली.

"काही नाही. तेच चामडं. तुमच्यासाठी म्हणून कमी केलं."

"वजन पेलेल ना?"

"पेलेल की."

माणसाचा चेहरा एकदम सैल झाला. "फार उपकार झाले, ताई," म्हणत त्याने पैसे दिले आणि गेला. हातोडी, पक्कड लटकवणार असेल कमरेला, असं धाकटीने स्वतःला सांगितलं. थोरली चहा घेऊन येण्याआधी तिने पाठीचा पट्टा खोक्यात सरकवला आणि तिला एवढंच सांगितलं की एक रुंद पट्टा गेला. थोरलीने तिच्या पाठीत कौतुकाची थाप मारली.

पुढे दोन-चार दिवस गेले असतील. धाकटी मागच्या खोलीत बसून एका पिशवीच्या तळाला गोंद लावत होती. थोरली भाजीची पिशवी घेऊन धापा टाकत आत आली.

"अगं ऊठ! आपला पट्टा झाडावर चढलाय!"

"काय?"

"शाळेच्या कोपऱ्यावरचं ते उंच झाड नाही का? त्याच्या फांद्या छाटताहेत. झाडवाला चहा प्यायला खाली उतरला होता तेव्हा मी जवळून बघितला. पिवळी दुहेरी शिवण! दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या लावून घेतल्यात त्याने. कड्यांतून दोर झाडाभोवती घेतो, आणि मग मागे रेलून दोन्ही हात मोकळे. मी तर तिथे सगळ्यांना सांगितलं, आमच्या धाकटीच्या हातचा आहे म्हणून!"

धाकटीने भिंतीकडे बघितलं. पाठीचा पट्टा खुंटीवर होता.

तिने गोंदाचं भांडं बाजूला सारलं. "खाली आहे का तो?"

"चढला की परत. तुला काय झालं गं? पांढरीफटक पडलीस."

धाकटी गोंदाच्या हातांनीच बाहेर धावली. मागून थोरली ओरडत होती, "अगं, चपला तरी घाल!"

पोटाचं चामडं कसं दगा देतं हे धाकटीइतकं त्या रस्त्यावर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तेच आता तिला खात होतं. दोर तुटण्याआधी करकरतो, लाकूड कडकडतं. हे चामडं गुपचूप लांबतं. आधी बकलाचं भोक लांबट होतं, मग कडीचे टाके चामडं चिरत सरकतात. वरच्या माणसाला वाटत राहतं की पट्टा अंगावर बसतोय. एखादा धिप्पाड माणूस मागे रेलला, तर किती वेळ धरेल? तिला माहीत नव्हतं. पोटाच्या पट्ट्यावर कुणी माणूस टांगला नव्हता आजवर.

आणि एवढ्या भीतीतही मन काय करतं बघा. धावता धावता तिने बेत रचला. खरं सांगायची गरजच काय? म्हणायचं, नवा पट्टा केलाय, बदलून देते, फुकट. तो खाली येईल, पट्टा बदलला जाईल, कुणाला काही कळणार नाही. स्वतःची लाज वाटली तिला, पण बेत तिने सोडला नाही.

झाडाखाली फांद्यांचा ढीग पडला होता. वर, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीच्याही वर, तो माणूस मागे रेलून करवतीचं यंत्र चालवत होता. त्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. खाली एक बाई फांद्या उतरवायचा दोर धरून उभी होती. धाकटीच्या अंगावरचा कामाचा चामडी एप्रन बघताच तिने ओळखलं.

"तुम्हीच ना त्या पट्ट्यावाल्या ताई? मी यांची बायको. यांनी घरी येऊन सांगितलं मला. म्हणाले, ताईंनी माझं तोंड बघून अडचण ओळखली आणि न मागता निम्मे पैसे सोडले. अशी माणसं राहिली नाहीत हो आता."

धाकटीला वाटलं, हिने एक मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

"त्यांना खाली बोलवा."

"ही फांदी झाली की येतील."

"आत्ता बोलवा. नवा पट्टा केलाय मी. बदलून द्यायचाय."

"अगोबाई, त्याची काय घाई? हा चांगला आहे की. दुपारी जेवायला येतील तेव्हा बघू."

वर तो आणखी मागे रेलला. धाकटीला त्याच्या कमरेवरची पिवळी रेघ दिसली, आणि एका बाजूने ती वाकडी झालेलीही दिसली. बेत तिथेच संपला.

"तो पट्टा त्यांना धरणार नाही!" ती किंचाळली. "मी खोटं बोलले त्यांच्याशी. ते पोटाचं चामडं आहे, भार घेत नाही ते. उतरवा हो त्यांना, पाया पडते तुमच्या!"

थोरली नेमकी तेव्हाच पोचली होती. तिच्या हातात धाकटीच्या चपला होत्या.

झाडवाल्याची बायको क्षणभर धाकटीकडे बघत राहिली. मग तिने हातातल्या दोराला हिसके दिले. वरचं यंत्र थांबलं.

"काय गं?" वरून हाक आली.

दचकला तर हिसका बसेल, हिसका बसला तर संपलं, हे तिघींनाही कळत होतं. बायकोने घसा साफ केला आणि घरात हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, "खाली या. आणि रेलू नका. झाडाला मिठी मारून या."

मग त्याने मान खाली घालून कमरेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. यंत्र त्याने हळूच फांदीच्या बेचक्यात ठेवलं, पुढे झुकला आणि दोन्ही हातांनी खोड कवटाळलं.

तो उतरायला लागला. गाल सालीला घासत होता, पाय आधार शोधत होते. वाटेतल्या फांदीपाशी कमरेचा दोर सोडून फांदीच्या खालून पुन्हा झाडाभोवती घ्यावा लागणार होता. त्याने एका हाताने दोर ओढला मात्र, आणि डाव्या बाजूची कडी पट्ट्यातून निघून त्याच्या मांडीवर लोंबायला लागली. आवाजसुद्धा झाला नाही. बायकोच्या तोंडातून कसलासा स्वर निघाला. तिने धाकटीचं मनगट एवढं आवळलं की तिची नखं आत रुतली, आणि धाकटीने ते सोडवलं नाही.

त्याचे पाय जमिनीला लागले तसा तो खोडाला टेकून खालीच बसला. गालावर ओरखडे उठले होते. त्याने बक्कल काढलं. गोल भोकाची लांबट चीर झाली होती. त्याने तिच्यात बोट घातलं, ते आरपार गेलं.

"सांगा यांना," बायको धाकटीला म्हणाली.

धाकटीने परत सगळं सांगितलं. पाठ, पोट, खोका, सगळं. शिव्या येणार म्हणून ती अंग चोरून उभी होती.

"मला वाटलं, माझी अडचण ओळखलीत तुम्ही," तो म्हणाला.

"नाही. तुम्ही किंमत ऐकून गप्प झालात ना, मला वाटलं, आता हसाल. मी घाबरले."

"मी हसेन? का?" त्याला खरंच कळेना. "अहो, मी पहिलाच घेणार होतो. एका खिशात पुरते पैसे नव्हते, दुसऱ्यात होते का ते आठवत होतो."

बायकोने बाटली उघडून त्याच्या हातात दिली. भीती त्याच्यापर्यंत आत्ता पोचत होती. पाणी तोंडात जाण्याआधी शर्टावर सांडलं, आणि शेवटी बायकोनेच बाटली त्याच्या ओठांना लावली. धाकटी ते बघत उभी राहिली. तिथून निघून जावं असं तिला फार वाटत होतं, पण पाय उचलत नव्हता.