टाकीतली पाण्याची रेघ

गॅरेजवाल्या बादशहानं छन्नीवर हातोडा हाणला आणि पेट्रोलच्या टाकीचा पत्रा फाटला. आतून गंजाचे ढलपे भसाभसा त्याच्या पायांवर पडले. कुपवाडच्या त्या शेडमध्ये दुपारी भट्टीसारखं तापलं होतं, तरी पद्माबाई बाकावरून हलल्या नव्हत्या. ती टाकी उघडू नये, एवढंच त्या सकाळपासून देवाला विनवत होत्या.

"मालक, जरा हिकडं या," बादशहा म्हणाला.

पद्माबाईंचे यजमान नानासो उठले. सत्तरी उलटली तरी माणूस सागाच्या खांबासारखा. गाडी त्यांच्या वडिलांची, अठ्ठेचाळीस सालची डॉज. बावीस वर्षं गोठ्यामागं सडत पडली होती. आता धाकट्या लेकाच्या, शौनकच्या वरातीला तीच पाहिजे म्हणून हट्टानं ट्रॅक्टरमागं बांधून इथवर आणली होती. तिची खोड न् खोड जाणणारा म्हणून केरबालाही आणलं होतं. केरबा हा त्यांचा जुना ड्रायव्हर. उजवा हात मनगटात वाकडा राहिल्यापासून तो घरची गुरं सांभाळत होता.

"ही रेघ बघा," बादशहानं फाटक्या पत्र्यात बोट घातलं. "हिच्या वर नुसता तांबूस गंज. खाली सगळी चाळण. हवेच्या ओलीनं असं हुत न्हाई. हितपतुर पाणी उभं हुतं."

"पेट्रोलच्या टाकीत पाणी?"

"कुणीतरी वतलंय, मालक. चांगलं कळशी-दोन कळश्या."

अरे बाबा, आवर की जीभ! पण बादशहाला बिचाऱ्याला काय ठाऊक.

त्र्याहत्तर साली नानासोंची थोरली लेक सई वाईच्या एका मास्तराबरोबर लग्न करायला पहाटेच घरातून निघाली होती. मिरजेला रेल्वे धरायची होती. नानासोंनी बंदूक काढली. दोघांनाही फलाटावरच आडवं करतो म्हणाले, आणि ते करणारे होते. ते काडतुसं शोधेपर्यंत पद्माबाईंनी दोन कळशा डॉजच्या टाकीत रित्या केल्या. केरबा नानासोंना घेऊन निघाला, पण गाडी दोन मैलांवर धापा टाकून बंद पडली. सई वाचली, आज साताऱ्यात तिचा भरला संसार आहे. गाडी बैलांनी ओढून आणली तेव्हा, गाडी नीट राखली नाहीस म्हणून, नानासोंनी गाडी सुरू करायच्या लोखंडी हँडलनं भर अंगणात केरबाचा हात मोडला. पद्माबाई स्वयंपाकघराच्या दारात तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या असत्या तर मार थांबला असता. बोलल्या नाहीत. पुढं बावीस वर्षं केरबाच्या ताटात त्या रोज एक भाकरी जास्त वाढत आल्या. पाप असं भाकरीनं फिटत असतं तर काय हवं होतं!

"केरबा." नानासोंचा आवाज एकदम खाली गेला. तो खाली गेला की घरातली कुत्रीसुद्धा पळायची. "गाडीला हात लावणारा तू एकटा."

"मी न्हाई वतलं, मालक."

"माझं खाऊन माझ्याच मुळावर उठलास रं, भाडखाव!"

गाडीच्या पायदानावर तेच हँडल पडलेलं होतं. पहिला तडाखा केरबाच्या खांद्यावर बसला. तो गुडघ्यांवर आला. दुसरा कानामागं बसला आणि रक्ताची धार सदऱ्यात उतरली. केरबानं मार अडवायला हात वर केला नाही. फक्त वाकडा हात काखेत दडवला. बादशहा मधे धावला, तर हँडल त्याच्या डोक्यावरून सणसणत जाऊन टेबलावर आपटलं.

"आवं मालक, मरंल म्हातारा!"

"मरू दे!"

"मी घातलं पाणी."

पद्माबाई कधी उठून उभ्या राहिल्या ते त्यांनाच कळलं नाही. आवाज स्वच्छ होता.

"काय म्हणालीस?"

"दोन कळशा. माझ्या हातानं. पोरीला मारायला निघाला होतात तुम्ही. सोडा त्याला."

नानासोंनी पद्माबाईंच्या कानशिलात अशी ठेवून दिली की त्या सरळ टाकीवर जाऊन कोसळल्या. फाटक्या पत्र्यानं तळहात उभा चिरला. ओठ फुटला. त्यांनी हँडल पुन्हा उगारलं तोच बादशहानं मागून मिठी घातली, मनगट पिरगाळलं आणि ते लोखंड हिसकून बाहेर रस्त्यावर भिरकावलं.

"बाईमाणसावर हात? माझ्या जागेत?" बादशहा मधे येऊन उभा राहिला. "वय बघून सोडतोय. परत उचला हात, हितंच आडवा करतो!"

नानासो बाकावर बसले. शिव्या देत राहिले. मग दम लागला आणि शिव्याही संपल्या.

बादशहानं दोन फडकी आणली. एक पद्माबाईंच्या हाताला बांधलं, दुसरं केरबाच्या डोक्याला बांधायला बसला.

"मामा, एक कळंना मला. टाकीत पाणी आसलं की आदी पंपाखालच्या काचेच्या वाटीत दिसतंय. पेट्रोलच्या खाली येगळं उभं ऱ्हातंय. गाडी बंद पडली तवा ती काच उघडली न्हाईसा?"

"उघडली की."

"मग?"

"मातीत वतून टाकलं. मालकांस्नी म्हटलं, पंप गेलाय."

पद्माबाईंनी मान वर केली.

"केरबा... तुला ठाऊक होतं?"

"पहाटं मी गोठ्यातच हुतो, वहिनीसाब. तुमास्नी कळश्या नेताना बघितलं."

"अरे, मग हात मोडेपर्यंत गप्प का राहिलास? माझं नाव का नाही घेतलंस?"

केरबानं फडक्याची गाठ चाचपली. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"तुमी दारातच हुतासा. पयल्या दणक्याला वाटलं, आता वहिनीसाब बोलतील. दुसऱ्याला बी वाटलं. तिसऱ्याला हातच गेला. मग म्हटलं, आता माझ्या बोलण्यानं तुमचा बी कशाला घालवू."