बंदीतले शिंपले

नवं चर्च बांधून होईपर्यंत गावासमोरच्या समुद्रातल्या खडकावर कुणी मासा किंवा शिंपला काढायचा नाही, अशी शपथ अख्ख्या गावानं बायबलवर हात ठेवून घेतली होती. उद्घाटनाच्या जेवणावळीला समुद्र भरलेला हवा होता. सात महिने सगळं नीट चाललं. मग एका ओहोटीला खडकात ताज्या खाचा दिसल्या. कुणीतरी मोठाले शिंपले उकरून नेले होते.

चोर कोण, याचा केलेराला फार विचार करावा लागला नाही. पेनाइया राजधानीत, सुव्हाच्या तुरुंगात दोन वर्षं काढून नुकताच परतला होता. रोज दुपारी खारफुटीकडून तो पानांनी झाकलेली टोपली घेऊन यायचा. आत काय आहे, असं विचारलं की नुसता हसायचा. कोळसा उगाळावा तितका काळाच, असं केलेरा बायकांना म्हणाली. ती महिला मंडळाची प्रमुख. चटया विणता विणता तिचा शब्द घरोघरी पोचला. रविवारी गायनमंडळात पेनाइयाच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. तो तरीही येऊन बसे आणि खालच्या पट्टीत गाई.

केलेराचा नवरा इलाइतिया चर्चचा वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्या मानकऱ्यांपैकी एक. त्या दिवसांत तो शेतावरून उशिरा यायचा आणि येताना नारळाच्या रसात शिजवायला शिंपले आणायचा. पलीकडच्या बेटावरच्या भावानं पाठवले, म्हणायचा. केलेरानं एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं आणि मग विचारणं सोडून दिलं. त्याच्या सदऱ्याला येणारा खारा वास तिनं स्वतःच्या हातांनी धुतला होता.

शेवटी पेनाइयाला रंगेहाथ पकडायचं ठरवून ती एका दुपारी त्याच्या मागोमाग खारफुटीत गेली. चिखलात गुडघाभर रुतून, मुळांआड लपून तिनं पाहिलं. तो खाडीच्या काठावर बिळात हात घालून खेकडे काढत होता. खाडीला बंदी नव्हती. टोपलीत खेकड्यांशिवाय काही नव्हतं.

तेवढ्यात खडकाकडून कुणीतरी कमरेएवढ्या पाण्यातून चालत आलं. हातात कोयता आणि खांद्यावर ओलं पोतं होतं. तो इलाइतिया होता.

पेनाइयानंही त्याला पाहिलं. मग वळून नेमकं केलेरा लपली होती तिकडे पाहिलं आणि पुन्हा बिळात हात घातला.

तो शुक्रवार होता. रात्री ती नवऱ्याशी बोलली. तो म्हणाला, चार शिंपल्यांनी समुद्र आटत नाही, आणि पेनाइयाला काय, बोलणी खायची सवय आहे. शनिवार तिनं गप्प राहून काढला.

रविवारी प्रार्थना संपल्यावर ती उठून उभी राहिली. "पेनाइयानं काही घेतलेलं नाही. शिंपले आमच्या घरी आले. मी ते खाल्ले. कुठून येतात ते मला कळत होतं, म्हणूनच मी दुसऱ्याकडे बोट दाखवलं."

इलाइतिया खाली मान घालून बसून राहिला. गावानं त्याचं वडीलपण काढून घेतलं आणि बंदी आणखी एक वर्ष वाढवली. सबंध महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही. बायकांनी तिच्या चटईशेजारी बसणं सोडलं.

ती माफी मागायला गेली तेव्हा पेनाइया दारात टोपली विणत होता. त्यानं तिला आत बोलावलं, बसायला दिलं.

"केलेराकाकी, तुम्ही चिखलात दिसलात तेव्हा मला वाटलं, आता सुटलो. पण घरी गेल्यावर तुम्ही दोन दिवस घेतलेत."

"घेतले," ती म्हणाली.

"रविवारी तुम्ही उठलात, ते मी जमेस धरतो. पण ते दोन दिवस माझ्यानं विसरवत नाहीत."

त्यानं पुन्हा विणायला घेतलं. केलेरा बराच वेळ तिथेच बसून राहिली.