एक ते सव्वाची झोप

आई गेल्याला दोन महिने होत आले, तेव्हा कुठे तिने आईमागे आपल्याकडे आलेल्या पाळणाघराची, मुलांच्या झोपेच्या नोंदींची वही नीट वाचायला घेतली. बारा मुलं, आणि त्यातली अकरा रोज दुपारी एक ते सव्वाच्या दरम्यान गाढ झोपी गेलेली. पालक खूश होते, तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. ही मुलं कधी एका वेळी जेवत नाहीत, एका वेळी रडत नाहीत, मग झोपतात कशी?

जागी राहायची ती बारावी, एकटी चिमुरडी ठमाबाई. तिचं दूध घरून यायचं.

हे ध्यानात आल्यापासून ती मावशींवर नजर ठेवून होती. मावशी आईच्या हाताखाली वीस वर्षं होत्या. दूध कोमट करून पेल्यांत ओतणं त्यांचं काम, आणि तेवढ्यापुरतं स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. आज ती दार ढकलून आत गेली.

"मावशी, यातला एक पेला तुम्ही घ्या."

"मला कुठं दूध पचतंय, पोरी?"

"सकाळी तर नुसत्या दुधाचा चहा प्यायलात."

"चहाचं वेगळं असतं."

"मग मी पिते."

मावशींनी झटकन पेल्यावर हात ठेवला. "नको, तुला गाडी चालवायचीय," त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांचं त्यांनाच कळलं.

डब्यामागून सर्दीच्या औषधाची बाटली निघाली.

"अर्धा चमचा फक्त. डोळे वटारू नकोस. तुझ्या आईनंच घालून दिलेली रीत आहे."

"गेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं, मावशी."

"जुन्या वह्या आहेत की कपाटात. बघ जा."

तिने वह्या काढल्या. आईचं गोल, नेटकं अक्षर. मुलांची नावं बदलत गेली होती, वेळ तीच. मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि दूध आईच द्यायची, तो महिना तिने मुद्दाम शोधला. त्या महिन्यातही एक ते सव्वा.

"दे मोरीत ओतून," दारातून मावशी हळूच म्हणाल्या. "कुणाला काय कळतंय? तुझ्या आईचं नाव तरी राहील."

बाहेर मुलांचा गलका चालला होता. तिने पेले होते तसेच झाकून ठेवले, शेजारी बाटली ठेवली आणि पालकांच्या यादीतला पहिला नंबर लावला.

"मूल ठीक आहे, घाबरू नका. पण आत्ता येऊ शकाल? माझ्या आईबद्दल काही सांगायचंय."