फ्रिजमधली बिनलेबलची बाटली

फ्रिजच्या दारात, बाळाच्या तापाच्या औषधामागे मला ती सापडली. बोटभर उंचीची, नाकात फवारायची बाटली. वर लेबल नाही. मी मिठाच्या डब्यालाही चिठ्ठी लावणारी बाई.

दिराला विचारलं. त्याला सगळे पैलवान म्हणतात. शरीरसौष्ठवाची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. व्हिटॅमिन आहे, ट्रेनरने दिलंय, म्हणाला. मग लपवलंस का? लपवलं कुठे, मागे ठेवलंय.

नवऱ्याला सांगितलं, तर म्हणे, तुझ्या मनातली पाल कधी झोपते का?

पण मी बघत होते. नाष्टा पुढ्यात आला की पैलवान तोंड फिरवायचा, मळमळतं म्हणायचा. उन्हात न जाताच काळवंडत चालला होता. लोक गोरं व्हायला धडपडतात आणि आमचं ध्यान बघा, असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा हसत त्यानेच कबूल केलं. नाकात मारला की अंगाचा रंग गडद होतो, असा स्प्रे. स्टेजच्या दिव्यांत स्नायू उठून दिसतात. आत काय आहे? ट्रेनरला माहीत. ट्रेनरला कुठून मिळतं? ऑनलाइन.

दर रविवारी मी बाळाचा फोटो काढते. पैलवान काकाच्या उघड्या खांद्यावरून मागे डोकावणारा चेहरा, दर वेळी तसाच, म्हणजे वाढ कळते. त्या दुपारी गेल्या आठ रविवारचे फोटो ओळीने पाहिले. बाळ वाढलं होतं. त्याच्या हनुवटीखालचा, काकाच्या पाठीवरचा तीळही. पहिल्यात मोहरीएवढा, आठव्यात मसुराएवढा. कड वेडीवाकडी, एका बाजूला काळाकुट्ट.

फोन पैलवानापुढे धरला. स्पर्धा झाली की दाखवतो, म्हणाला.

“तीळ तुझ्या स्पर्धेची तारीख बघून थांबणारे का?”

तो आरशासमोर मान वळवून वळवून दमला. मग हळूच म्हणाला, “वहिनी, मला दिसत नाहीये. तू नीट बघ.”

दुसऱ्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं. बाटली उलटसुलट केली. यात काय आहे हेच माहीत नाही, तर तुमच्या अंगात काय गेलं ते मी कशावरून सांगू, म्हणाल्या. स्प्रे आजपासून बंद. तीळ काढून तपासायला पाठवायचा, टाके पडतील.

“व्यायाम किती दिवस बंद?”

“महिनाभर तरी.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. हा आता उठून जाणार, असं वाटून मी दार अडवायला सरकले.

पैलवानाने शर्ट काढला आणि टेबलावर पालथा झोपला.