हातानं आवळलेला बोल्ट

सुपरवायझर साहेबांनी दादूसमोर गवत कापायच्या मशीनवरची ताडपत्री ओढून काढली.

"पंधरा ऑगस्टला झेंडा या मैदानातच लागणार," साहेब म्हणाले. "गवत गुडघ्यापर्यंत आलंय. पातं काढ, धार लाव, आणि उद्या मशीन चालू झाली पाहिजे."

"चालवणार कोण?"

"नवसी. बागेचं काम आता तिच्याकडेच आहे ना?"

दादूनं मान हलवली.

बोईसरजवळच्या एका कंपनीच्या वसाहतीत तो अकरा वर्षं दुरुस्तीच्या शेडमध्ये होता. घिवलीहून सायकलनं यायचा. घरातले बाकीचे होडीवर जात, यालाच लहानपणापासून यंत्रांचा नाद. वसाहतीतले पंप, पंखे, मोटारी त्याच्याच हाताखालून जायच्या. गवत कापायची ती लाल, पेट्रोलवर चालणारी मशीनही तोच बघायचा. चालवायचा मात्र गोमा, उमरोळीच्या पलीकडच्या पाड्यावरचा. मागच्या वर्षी, सत्त्याऐंशी साली, गणपती झाल्यावर आठवड्याभरानं, चालत्या मशीनचं पातं सुटलं आणि गोमाच्या डाव्या पायाची तीन बोटं घेऊन गेलं. गवतातल्या दगडावर आपटून पातं सुटलं, असं चौकशीत ठरलं. गोमा पुन्हा कामावर आला नाही. त्याच्या जागी त्याची बायको नवसी रोजंदारीवर लागली. तेव्हापासून मैदानातलं गवत विळ्यानं कापलं जात होतं.

दगड नव्हता. ते एकट्या दादूला ठाऊक होतं.

त्या सकाळी धार लावलेलं पातं त्यानं जागेवर बसवलं, बोल्ट बोटांनी फिरवून घेतला, आणि आता पाना लावणार तेवढ्यात पाण्याचा पंप बंद पडल्याचा निरोप आला. तो धावत गेला. तासाभरानं परतला तर दारात गोमा उभा. "झालं का?" "झालं, ने." एवढंच बोलणं. बोल्ट पान्यानं आवळायचा राहिलाय हे त्याला आठवलं ते गोमाची किंकाळी ऐकल्यावर. लोक गोमाला उचलत होते, तेव्हा दादूनं गवतात पडलेला बोल्ट उचलून खिशात घातला. चौकशीत कुणी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

साहेबांनी मशीन काढायला सांगितली त्या दुपारी दादू ग्राइंडरवर पात्याला धार लावत होता. ठिणग्या उडत होत्या, पात्याची कड पांढरी होत होती, आणि तिच्याखाली त्याला नवसीचे पाय दिसत होते. अनवाणी, चिखलानं भरलेले. गोमाला कंपनीनं बूट दिले होते तरी बोटं गेली. नवसीला तर बूटही नव्हते. घरी बायकोनं, जमनानं विचारलं, "जेवत का नाय? आंग गरम हाय का?" तो नुसता कूस वळवून पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडमध्ये पातं बसवायला बसला, तर नवसी आधीच येऊन उकिडवी बसलेली. डोक्याला पदर घट्ट बांधलेला.

"मीच चालवणार तं मला बगू दे," ती म्हणाली.

तिला घालवून द्यावंसं त्याला वाटलं. पण काय कारण सांगणार? त्यानं आधी प्लगची वायर काढून बाजूला केली. "ही काढल्याबिगर खाली हात घालायचा नाय. हातानं पातं फिरलं तरी इंजिन उठू शकतं." मग त्यानं मशीन एका कुशीवर कलती केली, पेट्रोल हवेच्या जाळीत उतरू नये म्हणून जाळीची बाजू वर ठेवून. भिंतीतल्या खिळ्यावर त्यानं पातं मधल्या भोकानं अडकवलं. डावी बाजू हळूच खाली गेली.

"काय झालं?" नवसीनं विचारलं.

"ही बाजू जड हाय. असं बसवलं तर मशीन थरथरते, बोल्ट ढिला होतो." 'बोल्ट' म्हणताना त्याची जीभ अडखळली. त्यानं जड टोक कानशीनं घासलं, पुन्हा अडकवलं, पुन्हा घासलं. शेवटी पातं आडवं, स्थिर राहिलं.

पात्याच्या दोन्ही टोकांना वाकवलेले कान होते. ते इंजिनाकडे, म्हणजे वर यायला हवेत. उलटं लावलं तर धार असूनही गवत कापत नाही, नुसतं झोडपतं. त्यानं ते तिला दाखवलं. पातं जागेवर धरलं, वॉशर लावला, बोल्ट बोटांनी फिरवला. पातं फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवला. मग पाना घेतला, त्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली आणि सगळा जोर लावला. बोल्ट करकरला.

मग त्यानं तो उघडला. वॉशर बघितला. पुन्हा लावला, पुन्हा आवळला. एक क्षण थांबला, आणि परत उघडला.

"दादूभाऊ, कितीदा खोलतोस?"

त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. चौथ्यांदा बोल्ट आवळून त्यानं पाना खाली ठेवला, तरी हात पान्यावरून सुटेना.

नवसी त्याच्या हातांकडे बघत होती. तिनं हळू विचारलं, "त्या दिशीपन असंच आवळलं व्हतंस?"

बाहेर कुठेतरी ट्रकचा भोंगा वाजला. हो म्हणालो तर सुटलो, असं त्याला वाटलं. ती विश्वास ठेवील, मशीन घेऊन जाईल. आणि हो म्हणायला त्यानं तोंड उघडलंही होतं.

"नाय," तो म्हणाला. "त्या दिवशी हातानंच लावलेला. पाना लावायचा राहिला. दगड नव्हता, नवसी."

ती उठली. तिचा चेहरा त्याला वाचता येईना. ती ओरडेल, लोक जमतील, साहेब येतील, आपली नोकरी जाईल, घिवलीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे सगळं एका दमात त्याच्या मनातून गेलं. तिनं पाना उचलला तेव्हा त्यानं डोकं खाली घातलं आणि डोळे मिटले.

पाना लोखंडावर लागल्याचा आवाज आला. ती नळीवर दोन्ही हातांनी लोंबकळून बोल्ट आवळत होती. बोल्ट जराही हलला नाही. मग तिनं पाना त्याच्यासमोर टाकला.

"आज तूच चालव," ती म्हणाली. "मी बगते."

दादूनं मशीन मैदानात नेली. वायर जोडली, दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन पेटलं आणि हँडल हाताला लागताच त्याच्या पायांची बोटं चपलेत आकसली. पावलागणिक त्याला वाटे, आता सुटेल. आवाज जरा बदलला की तो थांबून ऐके. एका ओळीनंतर त्यानं मशीन बंद केली, वायर काढली, बोल्ट तपासला. घट्ट होता. तरी दुसऱ्या ओळीला भीती तेवढीच होती. मैदान संपलं तेव्हा त्याचा सदरा पिळून निघाला होता. नवसी कडेला उभी होती, सगळा वेळ. जाताना एवढंच म्हणाली, "गोमाला तू सांग. मी नाय सांगणार."

रविवारी तो सायकलनं निघाला. उमरोळी स्टेशन ओलांडून पाड्याची पायवाट लागली तेव्हा दोनदा मागे फिरावंसं वाटलं. गोमा कुडाच्या भिंतीला टेकून दोर वळत बसला होता. दादूला बघून हसला. "ये रं! घिवलीचा मानूस इकडं कसा?"

दादू उभ्या उभ्याच सगळं बोलून गेला. बोल्ट खिशात घातला तेही.

गोमाचे हात थांबले. तो आपल्या पायाकडे बघत राहिला.

"मंजी दगड नव्हताच?"

"नाय."

"मी वरीसभर तो दगड शोदतोय," गोमा म्हणाला. "मनात. कुटं व्हता, मला कसा दिसला नाय. बायको म्हने, जाऊ दे. पन माजीच चूक, माजे डोले फुटलेले, असंच वाटं." त्याचा आवाज चढला. "आनि तू रोज तिला बगत व्हतास! रोज!"

गोमानं दोर बाजूला टाकला.

"जा," गोमा म्हणाला. "साहेबाला जाऊन सांग. मंग ये."

दादूनं सोमवारी साहेबांना सांगितलं. साहेब चिडले, चौकशीचा कागद कधीच बंद झालेला, आता कशाला? पण दादू खुर्चीसमोरून हलला नाही, तेव्हा त्यांनी त्याचा जबाब लिहून घेतला. त्याला पंधरा दिवस घरी बसवलं आणि शेडमधून काढून पंपहाउसवर टाकलं. चौकशीच्या कागदावर दगडाऐवजी खरं कारण आलं. दिवाळीनंतर गोमाला रोपवाटिकेत बसून करायचं काम मिळालं.

दादूशी तो बोलायचा, पण कामापुरतंच. मशीन नवसीकडे राहिली. पातं धार लावून आलं की ती ते स्वतः बसवायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.