पुसायचा कागद

"प्रेरणा कुठून मिळते, ते सांगितलं तर आमचे दाजी मला इथून हाकलून देतील," मेहुणा म्हणाला आणि मुलाखतीला आलेली मासिकाची बाई खळखळून हसली.

दाजी त्यांच्याकडे पाठ करून कागदाने छपाईचा पत्रा पुसत होते. चित्रं छापायचा हा कारखाना त्यांचा, यंत्र त्यांचं आणि पंधरा वर्षांपूर्वी मेहुण्याच्या हातात कोरणी दिली तीही त्यांनीच. बायकोचा धाकटा भाऊ, कुठे टिकत नव्हता, म्हणून. आता बक्षिसं त्याला, मुलाखती त्याच्या. दाजींच्या वाट्याला काय, तर "जरा बाजूला होता का, फोटोत येताय." त्यांनी पत्र्यावर असा जोर दिला की हातातला कागद टरकन फाटला.

मेहुणा बाईंना घेऊन जेवायला बाहेर पडला, तसे दाजी त्याच्या टेबलाशी गेले आणि खण उघडू लागले. चोरीच ती, दुसरं काय म्हणायचं! पण याला सुचतं कुठून, हे एकदा कळायलाच हवं होतं. कुठलं तरी परदेशी पुस्तक असेल, एखादी बाई असेल, कुणाची तरी नक्कल असेल. नक्कलच असू दे रे देवा, असं ते चक्क पुटपुटले.

खणात निघाले वर्तमानपत्राचे तुकडे. कोरलेल्या पत्र्यावर शाई चोपडायची, मग कागदाने पुसून काढायची आणि रेघांत उरेल तेवढीच छापायची, अशी ही कामाची रीत. त्या पुसण्यात काळे झालेले, दाजींनी टोपलीत फेकलेले हे कागद होते. एकेक तुकडा हाताने सपाट केलेला, मागे तारीख घातलेली. एका डागाभोवती पेन्सिलीची बारीक रेघ होती आणि त्या रेघेमुळे दाजींना दिसलं, भिंतीला टेकून माणसं उभी आहेत. गेल्या वर्षी बक्षीस मिळालं ते हेच चित्र.

दाजींना आधी आनंदच झाला. घरी पोहोचेपर्यंत त्यांना दम निघेना.

"तुझ्या भावाचं त्यात काही नाही! सगळं माझं आहे, माझ्या हातचं!"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "अहो, पण कागद आधी तुमच्याच हातात होते ना?"

"मग?"

"मग तुम्हाला नाही दिसली ती माणसं?"

दाजी न जेवताच झोपले.

दुसऱ्या दिवसापासून ते बघून बघून पुसू लागले. इथे डोकं येतंय, इथे खांदा, जरा अंगठा फिरवू. आलं काय, तर चिखल. दोन आठवडे टोपली त्या चिखलाने भरत होती आणि एक दिवस मेहुणा काळजीने म्हणाला, "दाजी, बरं नाही का? तुमचा हात हल्ली अवघडल्यासारखा चालतोय."

"माझ्या हाताची चौकशी नको," दाजी खेकसले.

मग एका दुपारी शाईवाल्याशी फोनवर हुज्जत घालता घालता त्यांनी एक पत्रा पुसला. कागद टाकायला हात उचलला आणि तिथेच थांबला. यात काहीतरी आहे, असं त्यांना वाटलं. नुसतं वाटलं नाही, खात्रीच पटली. फोन ठेवून ते कागद घेऊन खिडकीशी गेले. उलटा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला, चष्मा काढून पाहिला, लांब धरला. शाई होती. नुसती शाई.

बाहेर मेहुण्याच्या चपला वाजल्या. दाजींचा हात कागदासकट खिशाकडे गेला आणि क्षणभर तिथेच राहिला. मग ते वाकले आणि त्यांनी तो कागद टोपलीत सगळ्यांत वर ठेवला. चुरगाळला मात्र नाही.